टेकडीचं हिरवं कुंपण

आमच्या गावामागच्या टेकडीवर बकऱ्या चारायच्या नाहीत असं ग्रामसभेत ठरलं, तेव्हा बकरीनं तोंड घालावं असं तिथं काही उरलंच नव्हतं. पळसाला पान फुटलं की त्याच दिवशी गायब. बोरीची झुडपं भ्यालेल्या माणसासारखी जमिनीला चिकटलेली. खुरांनी उकरलेला मुरूम पावसात वाहून नाल्यात जायचा, नाल्यातून खालच्या तुरीच्या वावरात. पाण्याला धरून ठेवायला गवताचं मूळ नव्हतं, म्हणून पाणीही थांबत नव्हतं. विहिरी होळीआधीच तळ दाखवायच्या.

मग टेकडीवर चर खोदले, आवळा, चिंच, सीताफळ लावलं. दोन वर्षं चराईबंदी. ज्याची बकरी वर सापडेल त्यानं ती घाटंजीच्या बाजारात नेऊन विकायची. आणि राखण कुणी करायची, तर मी.

"सूनबाईले गावात ना मामा ना काका," एक म्हातारे बाबा म्हणाले. नियम कडक करा म्हणून सगळ्यात मोठ्यानं तेच बोलत होते. "कोनाची बाजू घेईन ते?"

खरंच होतं. मी मूळची सोलापूरकडची. आईवडील रस्त्याच्या कामावर इकडं आले, मी सातवीतून शाळा सोडून त्यांच्यामागं. रस्ता पुढं गेला, ते रस्त्याबरोबर गेले, मी लग्न होऊन इथं राहिले. कुणी माझ्यावर विश्वास टाकला की आधी माझ्या डोळ्यांत पाणी येतं आणि लगेच वाटतं, आपल्या हातून चुकलं तर?

त्यातून माझ्या स्वतःच्या दारात एक बकरी. काळी, पांढऱ्या कानांची. नवी आले तेव्हा सासूबाईंनी दोर माझ्या हातात देऊन म्हटलं होतं, "हे तुई. दूध तुयं, पिल्लं तुये. कोनाले विचाराचं काम नाही." या मुलखात माझी म्हणावी अशी ती एकच वस्तू. ती वर गेली तर बाजार. म्हणून मी तिला दारातल्या कडुनिंबाला बांधून मगच टेकडीवर जायची. अर्ध्या वाटेतून परत यायची, गाठ बघायची, पुन्हा जायची. सासूबाई म्हणायच्या, "तू राखन कोनाची करून राह्यली वं, टेकडीची का गाठीची?"

पुढं टेकडी बघायला साहेब येणार असं कळलं. रोपांभोवती कुंपण करायचं राहिलं होतं. वाळल्या काट्या आणायला लांब जावं लागलं असतं, आणि वाळलेलं कुंपण मोबाईलच्या फोटोत मेल्यासारखं दिसतं, असं सरपंचांचं मत पडलं. नाल्याकाठच्या बोरी-बाभळीच्या ओल्या फांद्या तोडून, पाल्यासकट, रोपांभोवती रचल्या. हिरवंगार दिसलं. साहेब खूश झाले, फोटो निघाले.

सासूबाईंनी खालूनच बघितलं. "हे कुंपन हाये का बकऱ्याइची पंगत?"

"पाला वाळन, काटे राह्यतीन, काकू," सरपंच म्हणाले.

पाला वाळेपर्यंत थांबायचं कुणी बकऱ्यांना सांगितलं नव्हतं.

दोन दिवसांनी सकाळी मी गाठ बघायला चौथ्यांदा परत आले. गाठ पक्की होती. पण जरा जास्तच पक्की वाटली. बकरीच्या गळ्याला काचली तर? म्हणून सोडली, सैल करून बांधणार, तोच टेकडीवर हालचाल दिसली. बाबांच्या बकऱ्या! दोर टाकून धावत सुटले. त्यांच्या चारही बकऱ्या हाकलून खाली लावल्या, दम खायला वळले, तर माझी बकरी मागच्या दोन पायांवर उभी राहून कुंपण खात होती. माझ्यामागंच आली होती बिचारी. मी पोचेपर्यंत कुंपण संपवून तिनं आतला आवळा शेंड्यापासून बुडापर्यंत खाल्ला. शेजारच्या सीताफळाला नुसतं हुंगून सोडलं, बकऱ्या सीताफळ खात नाहीत.

तिला घरी आणलं आणि सासूबाईंसमोर रडायला बसले.

"कोनी पाह्यलं?"

"नाही."

"मंग काहून रडून राह्यली?"

"मी पाहिलं ना. राखणदार मीच."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. मग डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "चाल. मीही येतो."

संध्याकाळी पारावर सगळे बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं: माझी बकरी होती, गाठ मीच सोडली, एक आवळा गेला. सरपंच नियमाची वही काढू लागले. मला वाटलं, गेली. तेवढ्यात तोंडातून निघून गेलं, "आणि बाबांच्या चार."

सगळे बाबांकडं बघायला लागले. बाबांनी बिडी विझवली.

"खोटं नाही बोलली ते," बाबा म्हणाले. मग खाकरून उठले. "पन मी म्हनतो, पावन्याच्या समोर ताट मांडाचं आन मंग म्हनाचं, खबरदार, हात लावशीन तर! हे कोन्या गावची रीत हाये?"

पारावर हसू फुटलं. मग एकेक जण कबूल व्हायला लागला. कुणाच्या दोन, कुणाचं पिल्लू, सरपंचांच्या घरची न व्यालेली तरणी बकरी. नियम पाळायचा तर अख्खं गाव बाजारात न्यावं लागलं असतं. शेवटी ठरलं: या खेपेला विकायची नाही. ज्याच्या बकरीनं खाल्लं त्यानं रोप नवं लावायचं, कुंपण वाळल्या काट्यांचं करायचं, आणि दिवाळीपर्यंत बकऱ्या कुठंच सोडायच्या नाहीत, दारातच बांधायच्या. टेकडीवरचं गवत विळ्यानं कापून न्यायला मोकळीक.

माझी बकरी राहिली. मी पाराच्या पाया पडले, मग बाबांच्या, मग चुकून सरपंचांच्याही. ते माझ्याहून लहान आहेत.

त्या पावसाळ्यात टेकडीवर गुडघाभर गवत आलं. मी भारे कापून आणायची. पण बकरी जमिनीवर टाकलेल्या गवताकडं ढुंकून बघेना. तिला उभं खायची सवय, मान वर करून. म्हणून बाभळीची फांदी तोडून मी ती डोक्यावर धरायची आणि झाडासारखी उभी राहायची, ती खाईपर्यंत.

जाणारे-येणारे विचारायचे, "काय वहिनी, तुम्हालेबी कुंपन करू का?"

मी हलायची नाही. हलले की बकरी खाणं सोडायची. खांदे भरून यायचे. मग सासूबाई घरातून हात पुसत बाहेर यायच्या.

"आन इकडं ते फांदी. थोडा वेळ मी झाड होतो."