मागे, उजवीकडे, साउंडवाल्याच्या बाजूला

मी आणि दादा पहिल्यांदा बँड बघायला निघालो तेव्हा आईनं विचारलं, "कुणाचं लगीन हाय रे?" तिच्या लेखी बँड म्हणजे वरातीपुढचा. दादानं समजावलं, "आई, ह्यो गिटारवाला बँड हाय. लोक तिकीट काढून उभ्यानं ऐकतात." "उभ्यानं? तिकीट काढून पण बसाया देत नाय?" म्हणत तिनं तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी डब्यात भरून दिली. लगीन नाही म्हणजे तिथं जेवण नाही, एवढं तिला पक्कं कळलं होतं.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचा. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. बाकी रंग कुणीही मारेल, पण डोळा चुकला की बाप्पा रागावलेला दिसतो, नाहीतर झोपाळलेला. म्हणून ते काम एकदोघांच्याच हातात असतं. वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढावी लागते, मध्ये थांबलं की जोड दिसतो. दादा कानात वायर खुपसून त्या बँडचं एकच गाणं लावायचा. त्या गाण्यात मध्ये बराच वेळ नुसती गिटार वाजते. तेवढ्या वेळात त्याचा एक डोळा व्हायचा आणि ड्रम सुरू झाला की ब्रश वर. शेठ कुरकुरायचा, "देवाचे डोळे काढतोस आणि कानात हा कसला गोंगाट रे?" पण डोळे बघितले की गप्प व्हायचा.

मला ते वेड त्यानंच लावलं. रामवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं ती गाणी तारस्वरात म्हणायचो. इंग्रजी शब्द कळले नाहीत की दादा तिथं आपल्या मनाचं काहीतरी ठोकून द्यायचा. इतकी वर्षं झाली, मला अजून खरे शब्द येत नाहीत, दादाचेच येतात.

तर तो शो वाशीला होता, मोठ्या मैदानात. गेटवर सिक्युरिटीवाल्यानं माझी पिशवी उघडली, मग डबा उघडला, आणि सुकटीचा असा काही वास सुटला की मागची अख्खी लाइन नाक धरून हसायला लागली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दादा मात्र ऐटीत म्हणाला, "साहेब, घ्या की चटणी." सिक्युरिटीवाल्यानं डबा बंद करून आम्हाला हातानंच आत ढकललं. पुढं जायची आमची छाती झाली नाही. आम्ही मागे, उजवीकडे, साउंडवाल्याच्या टेबलाच्या बाजूला उभे राहिलो. आणि मग ते गाणं लागलं. ती लांब गिटार सुरू झाली आणि हजारो लोकांनी हात वर केले. दादानं डोळे मिटले होते. त्याचा उजवा हात हवेत रेघ ओढत होता, वरची पापणी, खालची पापणी. मी ते बघितलं आणि मला हसू पण आलं आणि रडू पण.

ड्रम सुरू झाला तसा तो नाचायला लागला. "नाच गो बाय! इथं कोण आपल्या गावचा हाय बघायला?" मी नाही नाचले. डबा छातीशी धरून तशीच उभी राहिले. बावळट मी, दुसरं काय! परतीच्या एसटीत तो मला रस्ताभर चिडवत होता, "आमची बाय गेली बँडला, नि डबा सांभाळून आली."

पुढं माझं लग्न होऊन मी निडीला आले. दादानं लग्न केलं नाही, तो आईपाशीच राहिला. आणि मग कधीतरी त्याचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी अंगठा, मग मनगट. पनवेलच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. दादानं महिनाभर कारखान्यात कुणाला कळू दिलं नाही, डाव्या हातानं उजवं मनगट धरून आखणी करत राहिला. एका मूर्तीच्या पापणीला जोड आला. शेठ वाईट माणूस नव्हता. न ओरडता त्यानं ब्रश काढून घेतला आणि दादाला पाटांना रंग मारायला बसवलं. बाप्पाचे डोळे काढणारा माझा भाऊ बाप्पाच्या बुडाखालचा पाट रंगवायला लागला. त्या दिवशी फोनवर तो मला म्हणाला, "बरं हाय गो, पाटाला कोण नजर लावून बघतो?" मी फोन ठेवून मोरीत जाऊन रडले.

त्याहून वाईट गोष्ट रामवाडीच्या स्टँडवर झाली. मी माहेरी आले होते, दादा मला गाडीत बसवायला आला होता. त्याचा हात हलत होता, पाय पण जरा अडखळत होते. एक ओळखीचा माणूस सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाला, "काय रे, सकाळ सकाळीच टाकलीस काय?" आणि चारदोन जण फिदीफिदी हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या मेल्याला मी असा झाडला, असा झाडला, की एसटीचा कंडक्टर खाली उतरून आला. पण दादानं हात खिशात घातला तो घातलाच. आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस, मान खाली घालून उभा.

त्यानंतर वर्षभरानं बँडनं जाहीर केलं की आता ते थांबणार, हा शेवटचा शो, पुन्हा वाशीलाच. दादाचा लगेच फोन. आवाज किती दिवसांनी असा फुललेला! "बाय, आपण जायचं. तिकिटाचं तू बघ गो, माझ्या बोटांना ते मोबाइलवरचं जमत नाय." मी हो म्हटलं.

आणि मी तिकिटं काढली नाहीत.

तिकिटं होती. मी मोबाइलवर बघितली, दोन तिकिटं निवडून पैसे भरायच्यापर्यंत गेले. पण डोळ्यांसमोर तो स्टँड यायचा. ती गर्दी, त्यात हा थरथरणार, पडणार, लोक हसणार, मी कुणाकुणाशी भांडणार? मी स्वतःला सांगितलं, त्याच्या तब्येतीला झेपणार नाही. खोटं! मला लाज वाटली. माझ्या सख्ख्या भावाची मला लाज वाटली, हे आता लिहितानाही हात जड होतोय. मी फोन केला, "दादा, तिकिटं संपली रे." तो म्हणाला, "असूं दे गो. गाणी काय, फोनात पण हायत."

शोच्या दिवशी दुपारच्या गाडीनं तो माझ्याकडे निडीला आला. मी मुद्दाम सुकट केली, भाकऱ्या केल्या. जणू त्यानं काही भरून निघणार होतं! संध्याकाळी तो ओसरीवर बसला, हात मांडीखाली दाबून. "किती वाजले गो?" मी सांगितलं. "मंग आता पहिलं गाणं लागलं आसंल." थोड्या वेळानं परत विचारलं, परत सांगितलं. "आता आपलं." आणि त्यानं डोळे मिटले. मी आत जाऊन उगीच धुतलेली भांडी परत धूत बसले.

दादा गेल्या पावसाळ्यात गेला. ताप छातीत उतरला आणि चार दिवसांत सगळं आटपलं. त्याचा फोन आईनं मला दिला, तिला तो चालवता येत नाही. मी तो कितीतरी दिवस कपाटात तसाच ठेवला होता. मागच्या आठवड्यात चार्ज केला. त्यात बँडच्या चाहत्यांचं एक पान होतं, दादा रोज वाचायचा म्हणे. तिथं कुणीतरी विचारलं होतं, शेवटच्या शोला तुम्ही कुठे उभे होता, काय आठवतं? खाली शेकडो जणांनी लिहिलेलं. कुणी सगळ्यात पुढे होता, कुणाचा बूट हरवला होता. एकानं लिहिलं होतं, मला तर आयत्या वेळी गेटवरच तिकीट मिळालं, भरपूर शिल्लक होती, ह्याच पानावर आठवडाभर सांगत होते.

त्याच्या बरोबर खाली दादानं लिहिलं होतं. बोट हलायचं म्हणून एकेक अक्षर दोनदा-तीनदा उमटलेलं. ते मी इथं नीट करून लिहिते. "मी पण होतो. मागे, उजवीकडे, साउंडवाल्याच्या बाजूला. तिकीट बहिणीनं काढलं होतं. माझा हात हलतो, पण तिथं सगळ्यांचेच हात हलत होते, कुणाला काय कळलं नाय. बहीण शेवटपर्यंत बाजूला होती."

म्हणजे त्याला माहीत होतं. सगळं माहीत होतं, आणि माझ्या ओसरीवर बसून त्यानं माझ्या हातची सुकट खाल्ली होती.

त्याच्याखाली कुणा अनोळखी मुलीनं विचारलं होतं, "किती छान दादा! ताई पण नाचल्या का?" ते दादा गेल्यानंतर आलेलं होतं.

मी लिहिलं, "ती आलीच नव्हती." पुसलं. परत तेच लिहिलं, परत पुसलं. मग त्याच्याच फोनवरून, त्याच्याच नावानं लिहिलं, "व्हय, लय नाचली. डबा खाली ठेवून नाचली." ते पाठवलं आणि तिथंच ओसरीवर, दादा बसला होता त्या जागी बसून ढसाढसा रडले.