अण्णांचा प्लास्टिकचा घाणा

आमच्या प्लांटवर तेल यायचं थेंबाथेंबानं आणि किस्से बदाबदा! आता चार माणसं जमली की तेलाचं कोणी विचारत नाही, "ती कावळ्याची सांग ना" म्हणतात. सांगते, पण आधी माणसं ओळखून घ्या. नाहीतर मध्येच "हा कोण, तो कोण" कराल आणि माझं डोकं फिरेल.

अण्णा आमचे मालक, मूळचे दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार. शेतात अंथरलेलं फाटकं मल्चिंग, ठिबकच्या जुन्या नळ्या, शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद, असला ढीग बघून एक दिवस त्यांना साक्षात्कार झाला. "अरे, प्लास्टिक मुळात तेलापासूनच होतं! मग परत तेल करायचं, बस!" झालं. सिन्नरच्या एमआयडीसीत भट्टी उभी राहिली. आत प्लास्टिक, खाली जाळ, वाफ थंड केली की तेल. एका खेपेला आम्ही 'एक घाणा' म्हणायचो. भट्टीवर मालेगावचे रफिकभाई, गाडीवर नामपूरचा बापू, लॅबमध्ये मी. आणि जागा होती पुष्पावहिनींच्या, म्हणजे अण्णांच्या मंडळींच्या नावावर. ही शेवटची गोष्ट विसरू नका.

*

पहिला घाणा निघाला. अण्णांची हौस दांडगी! म्हणाले, "देवापुढची समई आपल्याच तेलाची लावायची."

मी म्हटलं, "अण्णा, हे तेल तसलं नाही हो." ऐकतील तर शपथ! गुरुजींनी वात पेटवली मात्र, असा काही धूर निघाला की गुरुजी दिसेनात, नुसता खोकला ऐकू येई. धूर ओसरला तेव्हा पांढराशुभ्र संगमरवरी गणपती डांबरासारखा झालेला.

गुरुजी डोळे पुसत म्हणाले, "अहो, नाशकात काळाराम आहे तेवढा पुरे होता!"

*

भट्टी तापवायला डिझेल लागायचं. ते आणायचं पंपावरून. एकदा वहिनी डबा घेऊन आल्या आणि स्टुलावर बसून बघत राहिल्या.

"म्हणजे पंपावरून डिझेल आणायचं?"

"हो."

"ते जाळायचं, आणि त्यातून डिझेलसारखं काहीतरी काढायचं?"

"हो!"

"आणि निघतं जाळलं त्यापेक्षा कमी?"

अण्णा भट्टीकडे हात करून म्हणाले, "अगं, यात टेक्नॉलॉजी आहे!"

"असेल की. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. जेवून घ्या, भाजी गार होतेय."

*

अण्णांचं म्हणणं एकच. जगात क्रूडचा, म्हणजे कच्च्या तेलाचा भाव चढला की आपलं महागडं तेलही परवडणार. त्यामुळे मोबाईलवर दिवसभर क्रूड! आखातात कोणी शिंकलं तरी इथे पेढे.

तर त्यांच्या काकांचा दहावा होता नाशकात गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर. पिंड ठेवलेले, सगळे हात जोडून कावळ्याची वाट बघताहेत. कावळा काही शिवेना. काकांची काय इच्छा राहिली असेल यावर कुजबुज चाललेली. शेवटी एक कावळा आला, उड्या मारत अगदी पिंडापाशी पोचला, चोच खाली केली. आणि तेवढ्यात अण्णांचा मोबाईल टुणकन वाजला.

"चढलं रे चढलं!" अण्णा केवढ्यांदा ओरडले!

कावळा जो उडाला तो थेट पलीकडच्या काठाला. ऊन तापलं, बायका चक्कर यायच्या बेतात, कावळ्याचा पत्ता नाही. शेवटी काकांचा थोरला मुलगा हात जोडून म्हणाला, "अण्णा, तुमचं चढलं ना? मग आमचं शिवलं समजा आणि घरी चला!"

*

पण भाव चढून तरी काय? शेततळ्याचा फाटका कागद लोक आधी फुकट द्यायचे. वर चहा पाजायचे, घाण गेली म्हणून. क्रूड चढल्यावर बापू गाडी घेऊन गावाकडे गेला, तर नेहमी कागद देणारे एक म्हातारबा बांधावर मोबाईल घेऊन बसलेले!

"तेल महाग व्हयनं, मंग आमना कागद सस्ता का बरं?"

बापू रिकामी गाडी घेऊन परत आला. अण्णांनी कपाळाला हात लावला. "या म्हाताऱ्याला क्रूड दाखवलं कोणी?"

बापू म्हणाला, "तुम्हीच ना अण्णा. मागल्या टायमाला ॲप टाकून दिलं होतं."

*

शेवटी वहिनींनी निर्वाणीचं सांगितलं. त्यांच्या भावाला त्या जागेवर द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज टाकायचं होतं. "एक घाणा माझ्यासमोर काढा. प्लास्टिक, डिझेल, तेल, सगळं काट्यावर घाला. जाळलं त्याहून जास्त निघालं तर प्लांट तुमचा. नाहीतर भावाला किल्ल्या."

अण्णांचं जेवण सुटलं. आयुष्यात पहिल्यांदा मोबाईल बघेनात. आम्हालाही बघवेना. रोजगार काय, कुठेही मिळाला असता, पण असा वेडा मालक कुठून आणायचा?

तो दिवस उजाडला. वहिनी सकाळीच आल्या, पिशवीत डबा. "आधी तेलाच्या टाकीला हळदकुंकू वाहते," म्हणाल्या आणि एकट्याच मागे गेल्या. आल्या, स्टुलावर बसल्या. प्लास्टिक काट्यावर चढलं, भट्टीत गेलं. संध्याकाळी टाकीतलं तेल पिंपांत भरून काट्यावर आलं.

मी आकडा वाचला. पुन्हा वाचला. काटा पुसून वाचला. जाळलं त्याहून जास्त तर होतंच, पण जेवढं प्लास्टिक आत गेलं होतं, त्यापेक्षाही तेलाचं वजन जास्त!

अण्णा नाचायला लागले. "जगात पहिल्यांदा! बातमी द्या पेपरात!"

रफिकभाई वर बघत पुटपुटले, "अल्लाह का करम है." बापू स्वतःच्या चपला निरखत होता. मी दोघांकडे बघितलं आणि काय ते समजले. खरं सांगू, माझ्याही मनात आलं होतं, पण माझी स्कूटी पेट्रोलवर चालते!

वहिनींनी तेलात बोट बुडवलं, नाकाशी नेलं, पदराला पुसलं. "एवढं निघतंय तर बंद कोण करेल? चालू द्या," म्हणाल्या. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीची मागची बाजू झाडायला गेले. रफिकभाईंचा निळा कॅन तिथे पडलेला. बापूचा पांढरा कॅन, त्यावर गाडीचा नंबर. आणि झुडपात एक कडीचा स्टीलचा डबा, रिकामा. झाकण उघडलं तर डिझेलचा भपकारा. उलटा करून बघितला. बुडावर नाव कोरलेलं होतं: 'चि. सौ. कां. पुष्पा हिस मामाकडून सप्रेम भेट.'

मी तो डबा साबणानं घासला, दुपारी वहिनींच्या हातात दिला.

"अगं बाई, इथे राहिला होय!" वहिनी म्हणाल्या. "म्हटलं, लोणचं कशात घालू!"