कॅलेंडरातल्या बारा जपानी आया आणि माझ्या सासूबाई

चाकणच्या एका जपानी कंपनीत मी दुभाषी आहे. साहेब बोलतात ते मराठीत आणायचं आणि कामगार बोलतात त्यातलं सांगण्याजोगं तेवढंच जपानीत न्यायचं. मला सातवा महिना लागला तेव्हा साहेबांच्या बायकोनं एक कॅलेंडर दिलं. लाकडी ठशांनी छापलेली जुनी जपानी चित्रं, बारा महिन्यांच्या बारा आया. कुणी पोराला न्हाऊ घालतेय, कुणी त्याला घेऊन मच्छरदाणीत पडलीय. मोशीच्या आमच्या घरात मी ते हॉलमध्ये टांगलं.

जानेवारीतली आई पोराला पाजत होती, तीही अगदी मोकळेपणानं. सासूबाईंनी एकदाच बघितलं. "जमिनीच्या खरेदी-विक्रीला दिवसभर माणसं येत्यात, हितं हे चालायचं न्हाई," म्हणाल्या आणि थेट मार्च काढला. आमच्या घरात त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारी झालेच नाहीत.

मार्चमधली आई हसत होती आणि तिचे दात काळेकुळकुळीत होते. सासूबाईंना ती लगेच आवडली, कारण बाळ यायच्या आत त्यांची मिशरी बंद करायची असं मी आणि नवऱ्यानं ठरवलं होतं. ही बघ, म्हणाल्या, पोर मांडीवर आन् मिशरी तोंडात. मी समजावलं की ही मिशरी नाही, तिकडं पूर्वी लग्न झालेल्या बायका दात मुद्दाम काळे रंगवायच्या, ते देखणं समजत. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग माझं काय वायलं हाय?" नवरा मोबाईलमध्ये बघत राहिला. मिशरी चालूच राहिली.

मुलगी झाली. पाचव्या महिन्यात जावळाचा विषय निघाला. एवढ्याशा डोक्याला वस्तरा लावू देणार नाही, असं मी सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी ऑक्टोबरचं पान फाडून फ्रिजवर चिकटवलेलं होतं. त्यात आई वस्तरा घेऊन पोराची मान भादरत होती आणि पोर वळवळत होतं. एवढी गाड्या बनवणारी माणसं डोकं भादरत्यात, सासूबाईंचं म्हणणं, आन् तुमीच तेवढे शिकलेले.

मग मी साहेबांच्या बायकोलाच रविवारी जेवायला बोलावलं. टोकियोची बाई माझ्याच बाजूनं बोलणार याची मला खात्री होती. तिनं फ्रिजवरचं पान नीट पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं की पूर्वी त्यांच्याकडं जन्मल्यावर थोड्याच दिवसांत बाळाचं डोकं भादरत. कंपनीत मी कितीतरी वाक्यं वाटेत बदललीत, पण सासूबाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"करायचे म्हणते," मी सांगितलं.

विषय जिंकल्यावर त्यांनी पाहुणीला मुलं किती ते विचारायला लावलं. दोन वर्षं मी हाच प्रश्न टाळत आले होते. मी घुटमळले, पण बाईला सासूबाईंच्या हातवाऱ्यांवरूनच कळलं होतं. मूल नाही, ती म्हणाली. हे कॅलेंडर तिची सासू दर नवीन वर्षाला पाठवते, दर वर्षी आई आणि मूलच. ती ते कुणालातरी देऊन टाकते. हे सगळं तिनं हवापाण्याबद्दल बोलावं तशा आवाजात सांगितलं आणि मी ते तसंच मराठीत आणलं. कॅलेंडर मला कशासाठी मिळालं होतं ते आत्ता कळलं.

सासूबाईंनी उठून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि एकेक पान उलटून पाहिलं.

"तिला सांग," म्हणाल्या, "ह्यात सासूचं चित्र एकबी न्हाई. पोर काय आई एकलीच वाढवती व्हय? सासूला म्हणावं, पयलं तुमचं चित्र पाठवा, मग बघू."

यातला एक शब्दही मी बदलला नाही. बाईनं तोंडावर हात धरला. ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि हसू थांबल्यावरही ते येतच राहिलं. सासूबाईंनी तिच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली आणि वर तूप ओतलं.

पुढच्या रविवारी जावळ झालं. मामाच्या मांडीवर बसवलेल्या माझ्या मुलीनं मामाची नवी पँट भिजवली. ती जपानी बाई न्हाव्याशेजारी बसून मुलीचं डोकं दोन्ही तळव्यांत हलकेच धरून होती. त्या कामासाठी सासूबाईंनी तिला परस्पर बोलावून घेतलं होतं, मला न विचारता. दोघींनी एकमेकींना फोनवर काय सांगितलं असेल आणि कुठल्या भाषेत, ते मला अजून कळलेलं नाही.