डबा टीव्ही

पडद्यावर बदकं उडत होती, आम्ही पिस्तूल रोखून घोडा ओढत होतो आणि एकही बदक पडत नव्हतं. माझ्या मित्राने पिस्तूल उघडून पाहिलं, पुन्हा बंद केलं आणि म्हणाला, "पिस्तूल ठणठणीत आहे. ह्या सपाट टीव्हीवर ते चालतच नाही. जुना, पाठीमागे फुगीर असलेला डबा टीव्ही पाहिजे."

अंबाजोगाईत जुन्या टीव्ही गेमचं वेड असलेले आम्ही तिघं. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक. हा मित्र शाळेपासूनचा, त्याचं टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. आणि तिसऱ्या म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई. लहानपणी त्यांच्या भावाने त्यांच्या हातात कधी गेमचा रिमोट दिला नाही म्हणे, आता रणगाड्यांच्या गेममध्ये त्या आम्हा दोघांना हरवतात. दर रविवारी दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही बसतो. पिवळ्या कॅसेटवर फुंकर मारायची, ती खटकन बसवायची, गाणं वाजलं की तिघंही एकदम हसतो. आम्हा तिघांनाही चाळिशी लागली आहे. घरचे म्हणतात, ह्यांना काम नाही.

मोबाइलवरच्या ग्रुपमुळे बीड, परळी, लातूरकडचे आमच्यासारखे लोक ओळखीचे झाले होते. सगळ्यांनी एका रविवारी आमच्याकडे जमायचं, आपापले गेम आणायचे, असं ठरलं. अशा वेळी बदकांचं पिस्तूल चालू नसणं आमच्या फार जिवाला लागलं. मित्राने गिऱ्हाइकांकडे चौकशी सुरू केली. धारूरच्या एका गिऱ्हाइकाकडे डबा टीव्ही चालू होता. आम्ही तिघांनी मिळून एक नवा मोठा टीव्ही घेतला आणि तो गाडीत टाकून धारूर गाठलं.

घरमालक शेतकरी, आमच्याच वयाचा. नवा टीव्ही पाहून खूश झाला. "त्या डबड्यासाठी हा देता? न्या की!" त्याची बायको चहा टाकायला आत गेली. टीव्हीजवळच्या बाजेवर त्याची आई बसली होती. डोळ्यांना कमी दिसत असावं, कारण आमच्याकडे बघताना ती मान जरा तिरपी करत होती.

"ह्यो नेता व्हय?" तिने विचारलं.

"आई, ह्यापेक्षा मोठा आणलाय," मुलगा म्हणाला.

ती उठली, टीव्हीवरचं विणलेलं कापड काढून त्याची घडी केली आणि पदराने टीव्हीचा माथा पुसला. मग तिचा हात थोडा वेळ तिथेच राहिला. हे मी पाहिलं. पाहून टीव्हीची एक बाजू धरली, मित्राने दुसरी धरली आणि आम्ही तो बाहेर काढला. तिला कुणी विचारलं नाही, हे तेव्हाही मला कळलं होतं. पण गाडीत बसल्यावर बाईंनी पिस्तुलाचा विषय काढला आणि आम्ही गप्पांत रमून गेलो.

रविवार जवळ आला होता. बुधवारी एका नातेवाइकाच्या साखरपुड्यासाठी मला धारूरला जावं लागलं. जेवण झाल्यावर वाटलं, नवा टीव्ही कसा चाललाय ते बघावं. भर दुपारी घर उघडं होतं. मुलगा-सून रानात गेले होते. म्हातारी बाजेवर एकटी बसली होती. समोर टीव्ही चालू होता, पण पडद्यावर कुठलाच कार्यक्रम नव्हता, नुसती चित्रांची रांग आणि खाली इंग्रजी अक्षरं.

"आजी, बिघडला का?"

"न्हाई बाबा, बिघडला न्हाई. मलाच कळंना. त्येचं एकच बटन व्हतं. दाबलं की कीर्तन लागायचं."

मग मला सगळं कळलं. जुन्या टीव्हीला एक जाड बटण होतं. दिवसभर घरात एकटी असताना ती चाचपडत ते दाबायची, आणि बोलणारं कुणीतरी घरात असायचं. ह्या टीव्हीला दोन रिमोट होते, आणि आधी कुठलं चित्र निवडायचं ते वाचावं लागत होतं.

मी कीर्तन लावून दिलं. रिमोटच्या एका बटणावर चिकटपट्टी लावून तिचं बोट त्यावर टेकवलं.

"हितं दाबायचं."

"हौ."

"जमेल ना?"

"लाईट गेली की पुन्हा तसंच व्हतंय, बाबा. लई लाईट जाते हितं." हे ती तक्रार म्हणून बोलली नाही. वर मला पाणी विचारलं.

संध्याकाळी दुकानात येऊन मी दोघांना सांगितलं. मित्र जुन्या टीव्हीचं मागचं झाकण लावत होता, चित्र नीट बसवायला त्याने दोन दिवस घालवले होते. "उद्याच परत देऊ," मी म्हणालो.

"बे, रविवार तोंडावर आलाय. लोकांनी यायचं पक्कं केलंय," तो म्हणाला. "सोमवारी देऊ की. चार दिवसांनी काय होणार आहे?"

माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही. खरं सांगायचं तर त्याने असं म्हणावं, याचीच मी वाट पाहत होतो.

रविवार फार छान गेला. परळीहून आलेल्या एका निवृत्त गृहस्थांनी आयुष्यात पहिल्यांदा पिस्तूल हातात घेतलं आणि पहिल्याच फेरीत सगळी बदकं पाडली. लातूरच्या एकाने मोटरसायकलचा गेम आणला होता, त्यावर मोठमोठ्या माणसांची भांडणं लागली. मीही खेळलो, ओरडलो, टाळ्या वाजवल्या. अधूनमधून ती बाज डोळ्यांपुढे यायची. मग माझी पाळी यायची.

सोमवारी सकाळीच टीव्ही घेऊन आम्ही दोघं धारूरला गेलो. दारात सून भेटली. मागे बाजेवर म्हातारी आडवी होती, उजव्या हाताला प्लास्टर.

"काय झालं?" मी विचारलं.

"शनवारी शेजारी गेल्त्या, कीर्तन ऐकाया. येताना पायरीवरून घसरल्या," सून म्हणाली. "डोळ्याला दिसंना, आन् ऐकत्यात का?"

शनिवारी. मी बुधवारी तिथे बसून पाणी पिऊन आलो होतो. मित्राने माझ्याकडे पाहिलं नाही. तो टीव्ही जोडायला लागला. मुलगा रानातून आला, म्हणाला, "अहो, कशाला एवढा त्रास घेतला? ह्यो बी राहू द्या, त्यो बी राहू द्या." जोडून झाल्यावर म्हातारीने डाव्या हाताने बटण शोधलं आणि दाबलं. कीर्तन लागलं. ते आपलं नेहमीचंच आहे अशी खात्री होईपर्यंत तिने ऐकलं.

मग माझ्याकडे मान तिरपी करून विचारलं, "कावून नेलता रं बाबा? काय काम व्हतं त्याचं?"

मित्र वायर गुंडाळत राहिला. मी म्हणालो, "गेम होता आजी. बदकं मारायचा."

"खरी?"

"नाही. टीव्हीतली."

ती हसली. मनापासून हसली, दात नसलेलं तोंड उघडून. सुनेला हाक मारून म्हणाली, "आगं, बदकं मारत व्हते म्हनं!" सूनही हसली, मुलगा हसला. मला हसता आलं नाही आणि रडणं शोभलं नसतं. पायरीचं मी बोलणार होतो, पण त्या घरात त्या गोष्टीचा आमच्याशी संबंध कुणीच जोडला नव्हता. आपण जोडून दिला तर त्यांनाच आपली समजूत घालत बसावं लागेल, असं वाटलं. हे कारण खरं होतं की सोयीचं, ते मला आजही सांगता येत नाही.

प्लास्टर निघालं, हात बराचसा वळतो, असं मित्राला तिच्या मुलाने फोनवर सांगितलं. हुरड्याला या म्हणून त्याचं बोलावणं आलं. बाई आणि मित्र जाऊन आले. म्हातारीने माझी चौकशी केली म्हणे. मी त्या दिवशी कॉलेजात काम असल्याचं सांगितलं होतं. काम नव्हतं.