माझ्या नावाची ताटली

विनू गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसले होते. दुपारचा एक वाजला होता आणि दिवसभरातलं ते एकच जेवण होतं. मेथीचा घास हातातच राहिला... आज पाच आठवडे झाले, पण मेथीची भाजी काही मी अजून केलेली नाही.

विनू माझा धाकटा भाऊ. माझं माहेर अंबरनाथजवळच्या मोरिवलीचं. गावाला खेटून कारखाने, त्यातल्याच एकात तो लेथवर टर्नर होता. रक्ताचा कर्करोग निघाला, केमो झाली, आणि मग अस्थिमज्जा बदलायचं ठरलं. माझी जुळली. लहानपणी मी त्याला आंब्याची फोडसुद्धा भांडल्याशिवाय दिलेली नव्हती. म्हणाला, "ताई, एवढं सगळं एकदम देतेस, तुझी तब्येत बरी आहे ना?" नंतर त्याची भांडी वेगळी ठेवायची होती, म्हणून भरती व्हायच्या आधीच आम्ही उल्हासनगरला जाऊन स्टीलची ताटली घेतली. दुकानातल्या सिंधी शेठने नाव कोरायचं मशीन हातात घेऊन विचारलं, "नाम क्या डालूं?" विनू म्हणाला, "सुनीताताई लिखो. अब खून भी उसी का चलेगा." मी ओरडले, पण शेठने तेच कोरलं.

तीन महिने बरे गेले. मग त्याच्या लघवीतून रक्त जायला लागलं आणि पुन्हा भरती करावं लागलं. शरीरात दडून बसलेला एक विषाणू जागा झाला होता. नवी प्रतिकारशक्ती अजून कच्ची, औषधं लागू पडेनात. मी गावदेवीपुढे उभी राहिले आणि बोलून बसले, विनू घरी येईपर्यंत एकदाच जेवेन. मज्जा दिल्यापासून मला रक्तवाढीच्या गोळ्या चालू होत्या, रात्री जेवणानंतर घ्यायच्या. रिकाम्या पोटी घेतल्या की मळमळायचं, म्हणून त्या मी बंद केल्या. बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या माझ्या घरी, कुणाला पत्ता लागू दिला नाही. रोज संध्याकाळी आठला दवाखान्यातून विनूचा फोन यायचा. "ताई, जेवलीस का?" मी म्हणायचे, "जेवले रे."

असा महिना गेला. मग डॉक्टरांनी एका नव्या उपचाराचं सांगितलं. माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढायच्या, या विषाणूला ओळखणाऱ्या तेवढ्या प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि विनूला द्यायच्या. उपचार अजून चाचणीत होता, गुण येईलच असं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. सही करताना विनू म्हणाला, "आमच्याकडे पण नवीन जॉब लावला की पहिला पीस ट्रायलचाच. पास झाला तर झाला, नायतर भंगार." हसला तो. मला नाही हसता आलं.

रक्त द्यायला गेले तर माझं हिमोग्लोबिन इतकं उतरलेलं की त्यांनी मला परत पाठवलं. गोळ्या घेत होतात ना, असं विचारल्यावर खरं सांगावं लागलं. ते विनूच्या कानावर गेलं. मग एवढंच म्हणाला, "रोज विचारत होतो ना मी, ताई..." त्याच्या आजारपणात मला बोललेलं ते एकच वाक्य लागलं. ते अजून लागतं.

दोन आठवडे मी दोन्ही वेळा जेवले, गोळ्या घेतल्या, मग रक्त घेतलं गेलं. पेशी वाढायला आणखी दिवस लागले. आल्या त्या इंजेक्शनभर. एवढ्याशासाठी एवढं, असं वाटलं. विषाणू कमी झाला, खरंच झाला, पण तोवर विनूची किडनी गेली होती. मी डॉक्टरांना विचारलं, ते दोन आठवडे वाया गेले नसते तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही. तेच तर आम्ही तपासतोय." माझी समजूत घालत होते की खरंच सांगता येत नव्हतं, कोण जाणे. आणि माझा वेडेपणा असा, की रक्त देऊन आल्यावर, नवस मोडला म्हणून देवी कोपेल या भीतीने मी पुन्हा एकदाच जेवायला लागले. गोळी तेवढी दुपारी घ्यायचे. आठच्या फोनवर पुन्हा खोटं बोलायचे. त्याला ते कळत असणार. तरी विचारायचा.

ॲम्ब्युलन्समधून त्याला मोरिवलीला आणलं, अर्धा तास ओटीवर ठेवलं. दिवसकार्य झाल्यावरही मी एकदाच जेवते हे आईच्या ध्यानात आलं. नवसाचं तिला तेव्हा सांगितलं. आई म्हणाली, "आला ना गो बाय, तो घरी. सुटला तुझा नवस. आता जेव."

ती ताटली मी हेंद्रेपाड्याला घेऊन आले. आठ वाजले की तीत वाढून घेते. भात संपत आला की तळाशी माझं नाव दिसतं. फोन समोर असतो, तो वाजत नाही. ताटली धुवून पालथी घालते आणि म्हणते, "जेवले रे." आता ते खरं असतं.