मापारीकाकांची फ्रेंच

मोजण्यात चुकलेल्या माणसाला देव एक वेळ माफ करील, पण आमचे शेजारी मापारीकाका करणार नाहीत. नेरच्या बाजारात त्यांनी उभा जन्म धान्य मोजण्यात घालवला. पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचे, ही बाजाराची रीत त्यांच्या जिभेत इतकी मुरली आहे की पायऱ्यासुद्धा ते ‘लाभ, दोन, तीन’ करतच चढतात. एकदा आमच्या कुकरच्या शिट्ट्या कुंपणापलीकडून मोजून ते ओरडले होते, “वहिनी, गॅस बंद नोका करू! तीनच झाल्या!” आमच्या घरी तेव्हापासून डाळ कधी कच्ची राहिलेली नाही.

अशा माणसाने सत्तरीत फ्रेंच शिकायला घेतली. मुलगा फ्रान्समध्ये नोकरीला, सून तिथलीच आणि पाच वर्षांच्या नातीला फ्रेंचशिवाय काही येत नाही. फोनवर आजोबांच्या मिशा दिसल्या की ती पळून जायची. तिने आपल्याशी एकदा तरी बोलावे, एवढीच काकांची इच्छा होती. मुलाने पुस्तक पाठवले, मोबाईलवर उच्चार ऐकवले, आणि काका रोज सकाळी ओट्यावर बसून क्रियापदे मोजू लागले. “नू-पार-लों, म्हंजे आपण बोलतो! लाभ, दोन, तीन!” चहावाला विचारायचा, “काका, आज किती क्विंटल झाली फ्रेंच?” काकांना राग मात्र त्या मुक्या अक्षरांचा. मी शाळामास्तर, म्हणून तक्रार माझ्याकडे यायची. “सर, लिवते एवढं अन् बोलते एवढुसं! एवढी घट तं ओल्या कापसातही येत नाही. हे लोक मापात मारून राह्यले!”

यंदा हिवाळ्यात मंडळी आली. काकांनी धुतलेली टोपी घातली, घसा साफ केला आणि दारातच वर्षभराची तयारी खणखणीत आवाजात ओतली. नात आईच्या मागे दडली ती दोन दिवस बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी पुस्तक कपाटात ठेवले आणि अंगणात तूर मोजायला बसले. मला फार वाईट वाटले. सवयीने त्यांच्या तोंडून ‘लाभ’ निघाले आणि मागून बारीक आवाज आला, “लाभ.” काकांनी वळून पाहिले नाही. “दोन,” ते म्हणाले. “दोन,” ती म्हणाली. दुपारभर तीच तूर पोत्यातून ढिगात आणि ढिगातून पोत्यात जात राहिली. काकूंनी जेवायला दोनदा हाका मारल्या, पण उठले कोणीच नाही.

पंधरा दिवसांनी ती गेली. आता दर रविवारी फोनवर ती तिकडच्या घराच्या पायऱ्या मोजत चढून दाखवते आणि काका मोबाईल दोन्ही हातांत धरून ऐकतात. परवा मी शेजारीच होतो. “लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ...”

“काका, सात सुटले,” मी हळूच म्हणालो.

“असू द्या ना, सर,” काका म्हणाले. “एवढ्या दुरून मोजून राह्यली पोरगी.”