एका दुकानात दोनशे अकरा माणसं

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान. आत एक शिलाई मशीन, एक इस्त्री आणि मागे निजायला फळी. या गल्लीतल्या लोकांचा धर्म वेगळा, शहरात ते मूठभरच. त्यांच्या घरांना नगरपालिकेने कधी क्रमांक घातले नाहीत, आणि पोस्टमन आत पाऊल टाकत नसे. म्हणून चाळीस वर्षं सगळ्यांची पत्रं मास्तरांकडे येत. मतदारयादीचे अर्जही मास्तरच भरून देत. पत्ता सगळ्यांचा एकच, दुकान क्रमांक सात. त्यात काही वावगं आहे, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

यंदा कोणीतरी तक्रार ठोकली. एका दुकानात दोनशे अकरा मतदार राहतात कसे? सगळे बोगस! झालं, नावं उडाली.

मास्तरांनी कचेरीचे उंबरठे झिजवले. सगळ्यांचे अर्ज पुन्हा लिहिले. साहेबांनी गठ्ठा सोडलासुद्धा नाही, कडेने नुसता चाळला.

"घर क्रमांक?"

"क्रमांक नाहीत, साहेब. येऊन बघा, माणसं आहेत."

"माणसं असतील हो, पत्ता कुठाय? आणि सगळं तुमच्याच अक्षरात! गुन्हा नोंदवला नाही, हे नशीब समजा. तुमचं एकट्याचं नाव ठेवलंय. तुम्ही तिथे खरंच राहता."

गल्लीत भंगारवाला म्हणाला, "मास्तर, आम्हा सगळ्यांना एकाच सदऱ्यात कोंबलंत की हो!"

सगळे हसले. मास्तरही हसले.

मतदानाच्या सकाळी मास्तर निघाले, तर गल्लीतली सुईणमावशी धुतलेले कपडे घालून बरोबर यायला तयार.

"तुझं नाव नाही, मावशी."

"ठाऊक आहे रे. रांगेत उभं राहायला कोण नको म्हणतंय?"

दीड तास ती कंबर धरून उभी राहिली. दाराशी कारकुनाने यादीवरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

"आजी, बाजूला व्हा."

"अर्धी गल्ली या हातांनी जन्माला घातली, बाबा. ती सगळी आहेत आणि मी नाही, असं कसं होईल?"

"त्यांचीही नावं नाहीत, आजी. मागे माणसं खोळंबलीत."

मास्तर आत गेले, बोटाला शाई लावून घेतली आणि मत दिलं. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. बाहेर मावशी पायरीवर बसली होती.

"माझंही देऊन आलास ना?"

"एकच देता येतं, मावशी."

"मग माझं द्यायचंस," ती म्हणाली. मग त्यांच्या तोंडाकडे बघून, "जाऊ दे. हात दे, उठव मला."

हाताला धरून मास्तर तिला घेऊन आले. गल्लीत दारादारांत माणसं बसली होती. त्यांनी पाय आवरून मास्तरांना वाट दिली. त्यांच्या बोटाकडे मात्र कोणी बघितलं नाही.